बोटभर चरा

रविवार, २ नोव्हेंबर

इडलीची ताटली सापडली! तीन दिवस अख्खं स्वयंपाकघर पालथं घातलं, भांडी घासायला येणाऱ्या बाईवर संशयसुद्धा घेतला (मनातल्या मनात, पण घेतला), आणि ताटली निघाली कुठे — तर ह्यांच्या गाडी धुवायच्या बादलीत. तळाशी, पालथी.

"अगं, भोकातनं माती खाली जाती आन् तितंच ऱ्हाती. परत हाताला लागत न्हाय."

मग इडल्या कशात करू? तर म्हणे, "आप्पे कर की."

कार्यक्रम अडीच तास चालला. आधी गाडी सावलीत. पत्रा हाताला गार लागेपर्यंत पाण्याचा थेंब नाही. मग वरून खाली नुसतं पाणी. मग दोन बादल्या — एक साबणाची, एक साध्या पाण्याची, माझ्या ताटलीवाली. लेकाने, पारसने, पुण्याहून पाठवलेला तो केसाळ हातमोजा साबणात बुडवायचा, सरळ रेघेत फिरवायचा — गोल गोल नाही! — आणि दर वेळी साध्या पाण्यात खळबळून मगच परत साबणात. टपापासून सुरुवात, चाकं शेवटी. चाकांचं फडकं वेगळं. फडकं खाली पडलं की ते बाद, त्या दिवशी परत गाडीला लागायचं नाही. मला कोरडं करायला बोलावलं ते आधी हातातल्या बांगड्या काढायला लावून. "घासू नको, नुसतं टेकव आन् उचल." लेकाला पाळण्यात असताना एवढ्या हलक्या हाताने कधी पुसलं नसेल ह्यांनी.

चांदीची सवय ही. चाळीस वर्षं हुपरीत पैंजणांना झिलई दिली. कारखान्यात ह्यांना सगळे 'भिंग' म्हणायचे. दारात उभं राहून आतल्या पोराला सांगायचे — तिसऱ्या कडीला चरा हाय, परत घे. आणि चरा असायचाच! काळी गाडी घेऊ नका, बारीकसारीक सगळं दिसतं, असं सगळ्यांनी सांगितलं. हे म्हणाले, दिसतंय म्हणूनच घ्यायची.


सोमवार, ३ नोव्हेंबर

इथे लिहिते, कारण बोलायला दुसरी जागा नाही. मी गाडी शिकतेय! महिना होत आला.

सकाळी बस्तीत, आमच्या जैन मंदिरात, जाते म्हणून निघते. जातेच. दर्शन घेते, आणि मग कोपऱ्यावर क्रांतीच्या गाडीत बसते. खोटं काहीच नाही त्यात, अर्धं सांगत नाही एवढंच. क्रांती सव्वीस वर्षांची, उचगावात बायकांना गाडी शिकवते. आवाज असा की पलीकडच्या गल्लीतली म्हैस बाजूला होईल. "काकू, क्लच सोडा म्हंटलं, जीव न्हवं!"

हे सगळं आक्कामुळे. माझी थोरली बहीण, कागलला असते. गुडघ्याचं ऑपरेशन झाल्यापासून तिला येता येत नाही, आणि आमची गाडी दसऱ्यापासून अंगणातून हललेली नाही. पूजा झाली, झेंडूची माळ घातली (तीही दोऱ्यात ओवलेली, तारेने चरा पडतो म्हणून), आणि तेव्हापासून गाडी नवरीसारखी झाकून ठेवलीय. कुठं जायचं म्हटलं की — धूळ लई हाय, ऊस भरलेले ट्रॅक्टर लई हायत, बसनं जाऊ. आक्काला फोनवर म्हटलं, मीच शिकते आणि येते. ती किती हसली! "रत्ने, तुला सायकल यीना. शाळंच्या हौदात गेलतीस सायकलसकट." एकसष्ट वर्षांची झाले तरी हौद काही सुटत नाही.

ह्यांना सांगायची मात्र हिंमत नाही. "माझ्याशिवाय गाडीला कुणी हात लावायचा न्हाय." गाडी घेतली त्या दिवशीच सांगून मोकळे झालेत.

एक बरं चाललंय. हल्ली सकाळचा पेपर मी वाचायचा आणि ह्यांनी ऐकायचा. "तुझ्या तोंडनं ऐकायला बरं वाटतंय." अडतीस वर्षांनी का होईना, माझा आवाज आवडला!


बुधवार, ५ नोव्हेंबर

मेले मी. मेले, मेले, मेले.

हे हुपरीला गेलेले. जुन्या मालकांच्या नातीचा साखरपुडा. गेले एसटीने! दारात काळीभोर गाडी, आणि हे पिशवी काखेत मारून स्टॉपवर. मी क्रांतीला बोलावलं. म्हटलं, मंगळवारी परीक्षा, एकदा आपल्या गाडीवर हात बसू दे. हायवेला लागून कागलच्या अलीकडून वळून आलो. काय चालवली मी! क्रांतीला एकदाही 'क्लच' म्हणून ओरडावं लागलं नाही. तिला कोपऱ्यावर उतरवलं. राहिली वीस पावलं. फाटकातून आत घेताना वाटलं, झालं आता — आणि डावीकडून आवाज आला. खर्रर्र.

फाटकाची कडी. मागच्या डाव्या दारावर बोटभर चरा. काळ्यावर पांढरी रेघ, चुन्याने ओढल्यासारखी.

गाडी होती तशी लावली, सीट मागे सरकवलं, कव्हर घातलं. हे संध्याकाळी आले, दिवस मावळायच्या आत जेवले, साखरपुड्यातल्या बासुंदीचं वर्णन केलं. मी ताटातला भात चिवडत बसले. विचारलं, "काय झालं गं?" म्हटलं, पित्त.


गुरुवार, ६ नोव्हेंबर

आगीतून फुफाट्यात.

हे दाढी करायला सलूनमध्ये गेले (हल्ली घरी करत नाहीत, केली की गाल कापून घेतात). म्हटलं, आपण हुपरीची माणसं. चरा घालवायचं आपल्याला कुणी शिकवायचं! ह्यांच्या जुन्या ट्रंकेतली चांदीला झिलई द्यायची लाल पावडर काढली, रिठ्याच्या पाण्यात कालवली, मऊ फडक्यावर घेऊन घासली. माहेरी लग्नाआधी मी हजारो पैंजण असे उजळले असतील. जोर लावायचा आणि गोल फिरवायचं.

गोल!! रविवारी अडीच तास ऐकलेलं सगळं विसरले.

रेघ होती तिथेच आहे. भोवती भाकरीएवढा धुरकट डाग पडलाय. क्रांतीला फोन केला तर ती ओरडली, "काकू, पैंजण हाय व्हय त्यो! रंगावर काचंसारखा पातळ थर असतोय. त्यो घासलासा तुमी." मग आता? "आता काय! गॅरेजला न्या, न्हायतर काकांना सांगा."

काकांना सांगा म्हणे. हिला काय जातंय!


शुक्रवार, ७ नोव्हेंबर

कव्हर काढलं, दारावरून तीन वेळा गेले. काही बोलले नाहीत. राग आतल्या आत ठेवलाय की काय? छे, ह्यांना आतल्या आत जमत नाही.


रविवार, ९ नोव्हेंबर

आज धुणं. रात्रभर डोळ्याला डोळा लागला नाही.

सकाळी प्रयत्न केला — गारठा पडलाय, पाण्यात हात घालू नका. ऐकतात थोडेच. आधी सावली, मग पाणी, मग माझी ताटली. टप झाला, बॉनेट झालं, उजवी बाजू झाली. मी ओट्यावर उभी, हातात बांगड्या. हे डाव्या दाराशी आले. हातमोजा चऱ्यावरून गेला. सरळ रेघेत. परत गेला. पाणी मारलं. फडकं टेकवलं, उचललं. मागे सरकले, कमरेवर हात ठेवून अख्ख्या गाडीकडे बघितलं.

"चकाचक! तोंड बघून घे जा, रत्ना."

देव पावला! आत पळाले आणि शिरा केला. बेदाणे घालून. बशीभर मी एकटीनेच खाल्ला.

आरशाखाली साबणाचा फेस तसाच राहिला होता, तो मी गुपचूप पुसला. पूर्वी ह्यांच्या हातून असं राहिलं नसतं. वय झालं आता, जरा सैल पडलेत. बरंच आहे. अख्खा जन्म प्रत्येक गोष्टीत चरा शोधण्यात गेला, आता तरी दोघांनाही सुख.

पण एवढ्यावर सुटका नाही. संध्याकाळी पारसचा फोन आला, त्याने आणखी एक युक्ती सांगितली. पातळ प्लॅस्टिकच्या पिशवीत हात घालून पत्र्यावरून फिरवायचा. नुसत्या बोटाला न कळणारा कणसुद्धा पिशवीतून कळतो म्हणे. सगळं गुळगुळीत लागलं की मगच मेण लावायचं. हे एवढे खूश झाले! लगेच पिशवी मागितली. बॉनेटवरून आंधळ्या कोशिंबिरीतल्या गड्यासारखा हात फिरवत होते. "ह्ये झाक हाय. दारं पुढच्या ऐतवारी."

म्हणजे मला सात दिवस.


मंगळवार, ११ नोव्हेंबर

पास! पास! पास!

आठचा आकडा काढला, चढावर गाडी थांबवून उचलली, मागे घेतली. साहेबांनी विचारलं, आजी, कशाला शिकताय या वयात? म्हटलं, कागलला बहीण आहे. क्रांतीने तिथेच मिठी मारली. पेढे घेतले, पण घरी कसे नेणार? बस्तीबाहेर वाटून टाकले.

आक्काला फोन केला. म्हणाली, "खरंच व्हय गं? ये की मग. वाट बघतो मी." आणि रडायला लागली वेडी. मग मीही.


गुरुवार, १३ नोव्हेंबर

सहज विचारल्यासारखं विचारलं, रविवारी गाडीने आक्काकडे जाऊ या का?

"बसनं जाऊ की."

माझं डोकंच फिरलं. म्हटलं, गाडी काय नुसती धुवायला घेतलीय? बहीण पाय धरून बसलीय तिकडे, आणि तुम्हाला धुळीची पडलीय! लोकांच्या गाड्या रस्त्यावर फिरतात, आपली तेवढी अंगणात आंघोळ करते!

वाटलं, आता भांडतील. भांडले नाहीत. टोपी घातली, बाहेर गेले आणि कोरडं फडकं घेऊन गाडी पुसत बसले. गाडीवर धूळसुद्धा बसली नव्हती. खिडकीतून बघत होते मी. चरा पडलेल्या दारापाशीच बसले होते, पाठ टेकून.

फार बोलले मी. स्वतः चरा पाडून बसलेय, आणि वर तोंड करून बोलतेय.


शनिवार, १५ नोव्हेंबर

ठरलं. उद्या पिशवीत हात घालून दाराला हात लावायच्या आधी आपणच सांगायचं. चरा, क्लास, परीक्षा, लाल पावडर, सगळं. ओरडले तर ओरडू देत. ह्या माणसाने एवढ्या वर्षांत माझ्यापासून काही लपवलं नाही, आणि मी महिनाभर बस्तीच्या नावाखाली फिरतेय. लाज वाटते.

गाडीला परत हात लावू दिला नाही तर? कागल राहिलं मग. आक्काला काय सांगू?


रविवार, १६ नोव्हेंबर

सांगितलं. गाडी धुवून झाल्यावर ह्यांना भर उन्हात डाव्या दारापुढे उभं केलं आणि म्हटलं, हा बघा चरा. मी पाडलाय, गाडी चालवताना.

हे वाकले. बघत राहिले. आणखी वाकले. "कुठं?"

पांढरी रेघ, काळ्यावर. भोवती भाकरीएवढा डाग.

मी ह्यांचं बोट धरून रेघेवर ठेवलं. बोट या टोकापासून त्या टोकापर्यंत गेलं. "व्हय की," म्हणाले. मग बोट तिथेच ठेवून, "दसऱ्यापासनं असं झालंय, रत्ना. गाडी हातात घ्यायचं भ्या वाटतंय. पारसला सांगू नको."

आणि मी मेलीने त्या रविवारी शिरा खाल्ला.

उद्या दहा वाजता डोळ्यांचे डॉक्टर. गाडी मी चालवणार.