राखेवर ठेवलेल्या फुलदाण्या

आबा, मला पिंपरीला दोन खोल्या मिळाल्या. औषधांच्या नव्या कारखान्याशेजारी शाळा निघाली आहे, तिथे मी शिकवते. घरात बी.ए. झालेली मीच पहिली, म्हणून आई शेजारणींना माझं शिक्षण सांगते आणि मी त्यांना तुमच्या फुलदाण्या दाखवते. एक खिडकीत आहे, तिच्यात तगरीची फांदी. दुसरी पुस्तकांशेजारी रिकामीच ठेवली आहे. तिचा मधासारखा रंग फुलांवाचूनच शोभतो. कष्टकऱ्यांच्या घरातही नुसतं बघून बरं वाटावं असं काहीतरी असावं, असं मी वर्गात मुलींना सांगते. ते मी तुमच्याकडूनच घेतलं.

चाकणचं कुंभाराचं चाक सोडून तुम्ही चिंचवडला बरण्यांच्या कारखान्यात लागलात. तिथे बरण्या साच्यातून निघायच्या. जेवणाच्या सुट्टीत उरलेली माती तुम्ही तिथल्या एका जुन्या चाकावर चढवायचात आणि बरण्यांबरोबरच भट्टीत भाजून घ्यायचात. पहिली फुलदाणी घरी आणलीत, तेव्हा आई म्हणाली, "ह्यात काय घालायचं? मीठ का चिंच?"

"फुलं."

"देवाची?"

"न्हाई, आपली."

आई पदराआड हसत राहिली आणि दुसऱ्या दिवशी तिच्यात चिंच भरून मोकळी झाली.

मी सातवीत असताना खोकल्यानं तुम्ही गेलात. दहाव्याला आत्या आली. सुतक फिटायचं तर घरातली मातीची भांडी टाकायची. कुंभाराच्या घरात दुसरं असणार काय? माठ, गाडगी, परळ, सगळं पाटीत गेलं. मग तिचा हात तुमच्या तिन्ही फुलदाण्यांकडे वळला आणि मी आडवी आले. "ही बरणीची माती आहे. हिच्यात पाणी मुरत नाही, तर सुतक कसं मुरेल?"

"लई शानी झालीस! मातीचं ते मातीचंच."

दहा दिवस कोपऱ्यात बसलेली आई तेव्हा उठली. "वन्सं, पानी भरून ठिवू. खाली वल आली तर तुमी न्या."

चुलीतली गार राख पसरून तिनं तिन्ही फुलदाण्या भरून तीवर ठेवल्या. सांजेला उचलून पाहिल्या. दोहोंखाली राख कोरडी, भुरभुरीत. तिसरीखाली काळं, ओलं वर्तुळ. ती तुमची शेवटची, खोकत खोकत केलेली. आत्या कितीतरी वेळ त्या वर्तुळाकडे बघत होती. "ऱ्हाऊ दे वहिनी," ती म्हणाली, "माझ्याबी भावाची हाय."

"न्हाई वन्सं. ठरलं ते ठरलं." आईनं फुलदाणी पदरानं पुसली आणि स्वतःच्या हातानं पाटीत ठेवली.

परवा मी तिसरीचं चित्र काढायला बसले. मान उंच होती की आखूड, कडेला नक्षी होती की नव्हती, काहीच उमटेना. त्याच कागदाच्या पाठीवर हे लिहिते आहे. आईला नक्की आठवत असणार, म्हणूनच तिला विचारवत नाही. तुमचा चेहरा मला अजून दिसतो, आबा. ती फुलदाणी दिसत नाही.