ओटीतला खण

चिंचवड, १२ डिसेंबर १९५६

तीर्थरूप आईस, वेणूचा शिरसाष्टांग नमस्कार.

मी खुशाल आहे. आमच्या नाटक कंपनीचा तंबू इथं आठवडाभर आहे. जेवण वेळेवर मिळतं, घसाही बरा आहे. माझ्या यमूचा खोकला थांबला का? आईकडे जायचं म्हणून रडते का गं?

पिंपरीच्या कारखान्यातली, देहूरोडची माणसं बायकामुलांसह खेळाला येतात. नव्या नाटकात मी घरची थोरली सून आहे. तुझे जावई वारल्यापासून माझ्या कपाळाला कुंकू लागतं ते या तीन तासांपुरतंच.

काल पडदा पडला आणि मी रंग पुसायच्या आत इथल्या अंबुबाई खण-नारळ घेऊन रंगपटात आल्या. म्हणाल्या, "पोरी, आमच्या गावातनं सवाष्ण रिकाम्या पदरानं कशी धाडू?"

खरं सांगायला हवं होतं, आई. तोंड उघडलंही होतं. पण त्यांनी तांदळाची ओंजळ उचलली आणि मी पदर पुढे केला.

त्या तांदळाची खीर करून मी एकटीनं खाल्ली. रागावणार असशील तर रागाव. खण पाठवते आहे, यमूला पोलकं शिव. कुणी विचारलं तर कंपनीनं दिला म्हणू नकोस. लेकीची ओटी भरली, असं सांग.

तुझी,
वेणू