देवणी बैलाच्या पलीकडचा प्लॉट

१ मार्च
आजपासून रोजनिशी. मोठे इन्व्हेस्टर लिहितात म्हणे. मी कॉलेजच्या ऑफिसात क्लार्क असलो तरी नजर डेव्हलपरची आहे. अहमदपूरचा मार्केट ट्रेंड माझ्याइतका कुणालाच कळलेला नाही.

घरमालक मकबूलभाई येऊन गेले. गाद्यांचं दुकान आहे त्यांचं. सादचं, म्हणजे त्यांच्या मुलाचं, दिवाळीनंतर लग्न. खोल्या लागतील, तोवर घर मोकळं करा म्हणाले. फार संकोचून बोलले बिचारे.

बायकोला, तारामतीला, उलट आनंद झाला. म्हणाली, “बांधा आता. खिळा ठोकायला कुणाला पुसावं लागणार न्हाई असं एक घर पाहिजे मला, बस.” या घरात खिळा ठोकायला मनाई आहे. लग्नापासून तिचा आरसा खिडकीत टेकवलेला आहे.

संकल्प: दिवाळीत गृहप्रवेश.

९ मार्च
प्लॉट तयारच आहे. लातूर रोडला, हायवेपासून चालत पाच मिनिटं (चालत गेलेलो नाही). शेजारचा प्लॉट मकबूलभाईंनी माझ्याच सल्ल्याने घेतला. त्यांच्या वाट्याला ओढ्याकडचा आला, तेव्हा वाईट वाटलं होतं. पण मी समजावलं की ओढा म्हणजे उद्याचं वॉटरफ्रंट. भाव दुप्पट. भोळा माणूस, मान हलवली.

आज त्यांना भाड्याचंही ज्ञान दिलं. क्लासेसच्या पोरांमुळे लातुरात भाडी कुठल्या कुठे गेली, तुम्ही अजून जुन्याच भाड्यावर? मार्केट रेट घ्यायला शिका. तारामतीने माझा पाय दाबला. तिला मार्केट कळत नाही.

२० मार्च
साइट व्हिजिट. प्लॉटिंगमध्ये मूळ मालक चंद्रप्पा अजून सोयाबीन पेरतो. नांगरटीत हद्दीचे दगड गायब. तारामती म्हणाली, मोजणी करून घ्या. मी हसलो. मोजणी ज्यांना जमीन ओळखता येत नाही त्यांच्यासाठी.

खरेदीच्या दिवशी चंद्रप्पाने सांगितलं होतं, त्याचा देवणी जातीचा बैल बांधलाय तो माझा कोपरा; महिन्याने बघायला आलो तेव्हा बैल होताच. आजही तोच बैल, तेच काळे ठिपके. बैलाच्या अलीकडे मी, पलीकडे मकबूलभाई. विषय संपला.

६ एप्रिल
पीएफ काढला. कंपाउंड सुरू. मिस्त्री म्हणाला, पायाआधी कंपाउंड कशाला? त्याला सांगितलं, आधी ब्रँडिंग.

२ मे
बोअर घेतला. पाणी शोधणाऱ्या पाणाड्याने तळहातावर नारळ उभा करून दाखवला तिथेच. पाणी लागलं! मकबूलभाई पेढे घेऊन आले. त्यांच्या डोळ्यांत थोडी असूया दिसली. साहजिक आहे.

२७ जुलै
ओढ्याला पाणी. बैलापलीकडचा प्लॉट अर्धा बुडाला. माझ्या कंपाउंडच्या आत चप्पलही भिजली नाही. मकबूलभाईंची कीव आली. तारामती तिथे आत फिरत होती. इथं स्वयंपाकघर, इथं आरसा. बराच वेळ नुसती हसत उभी होती. मला बरं वाटलं.

११ सप्टेंबर
होम लोनसाठी बँक मोजणीचा नकाशा मागते आहे. अडाणीपणा. केला अर्ज.

३ ऑक्टोबर
मोजणी झाली. आज लिहायला वेळ नाही.

४ ऑक्टोबर
मोजणीवाल्यांचं म्हणणं असं की कंपाउंड उत्तम आहे, बोअरही उत्तम आहे, फक्त दोन्ही मकबूलभाईंच्या प्लॉटमध्ये आहेत. माझा तो ओढ्याचा.

चंद्रप्पाला जाब विचारला. बैल का हलवला? म्हणाला, “चारा सरला की खुंटा हलवतो की साहेब. बैल हाय तो, हद्दीचा दगड न्हाई.” या माणसामुळे माझं नुकसान झालं.

तारामती जेवली नाही.

६ ऑक्टोबर
शांत डोक्याने विचार केला. अदलाबदल, सिंपल. मकबूलभाईंना प्रस्ताव दिला. ते म्हणाले, “न्हाई भुजंगभाऊ, तुमीच तर सांगितलं, वॉटरफ्रंटचा भाव डबल. तुमचं नुकसान मी कसं करू?” माझाच मुद्दा होता, आणि बरोबर होता.

कंपाउंड आणि बोअरचा खर्च मात्र हप्त्याहप्त्याने देतो म्हणाले. देतीलच. पैसे भाड्यातून वळते करू म्हणाले.

१२ ऑक्टोबर
भाड्यातून कसे, ते आज उलगडलं. कंपाउंड तयार, पाणी तयार, म्हणून साद तिथेच घर बांधणार आहे, तोवर दुकानावरच्या माडीत राहील. त्यामुळे या खोल्या त्यांना नकोत. आम्ही राहायचं. भाडं मात्र आजच्या मार्केट रेटने. म्हणाले, तुम्ही शिकवलं म्हणून कळलं, न्हाई तर मी आपला जुन्यातच होतो.

म्हणजे माझं मार्केट अ‍ॅनालिसिस शंभर टक्के खरं ठरलं. हे इथे नोंदवून ठेवतो.

जाताना दारात थांबले. तारामतीकडे बघून म्हणाले, “भाभी, एक खिळा ठोकून घ्या आता. कुणाला पुसू नका.”

तिने लगेच शेजारून हातोडी आणली. खुर्चीवर चढून स्वतःच खिळा ठोकला, आरसा लावला, खाली उतरून बघितलं. आरसा एका बाजूला चांगलाच कलला होता. मी म्हणालो, आधी मोजून घ्यायला पाहिजे होतं.

ती आरशातून माझ्याकडे बघत राहिली. हातोडी अजून तिच्याच हातात आहे. मी बाहेर ओट्यावर बसून लिहितो आहे.