मायच्या बटव्यात शिवलेलं यंत्र

अण्णा, तुम्हाला जाऊन एकोणीस वर्षं झाली, तरी माझा राग उतरला नाही. या महिन्यात तर तो नव्यानं चढला, म्हणून लिहायला बसले. सोनपेठच्या बाजारात तुमचं रेडिओ दुरुस्तीचं दुकान होतं, तिथं आता मोबाइलची कव्हरं विकतात. मी तिथून जाते, पण थांबत नाही.

माय आता विसरते. तिची मंगळसूत्रातली सोन्याची डोरली एका कापडी बटव्यात आहेत आणि तो बटवा ती रोज नव्या जागी लपवते, कधी उशीच्या खोळीत, कधी गोवऱ्यांच्या ढिगात. मग सापडला नाही की वहिनीच्या नावानं गल्ली गोळा करते. वहिनी तिला न्हाऊ घालते, भरवते, आणि वर चोर ठरते. गेल्या महिन्यात वहिनीनं फोनवर सांगितलं, "ताई, आता माझ्यानं व्हईना. पुन्हा चोर म्हणल्या की मी माहेरी चालले. मग तुमी अन् तुमची माय." तिचं काय चुकलं? आणि ती गेली तर मायला बघणार कोण, माझा भाऊ? त्याला स्वतःचा चहा ओतून घेता येत नाही, तुमच्याच वळणावर गेलाय.

म्हणून परभणीत माझ्या ओट्यावर मी एक छोटा ट्रान्समीटर बनवला. एक ट्रान्झिस्टर, तांब्याच्या तारेचे पाच वेढे, आणखी दोन-चार बारीक भाग आणि चपटा बटण-सेल. सगळं मिळून कोटाच्या गुंडीएवढं. थांबून थांबून एक टूं सोडतं, म्हणजे सेल पुरतो, आणि खिशातल्या एफएम रेडिओवर तो टूं ऐकू येतो. तार जोडताना पहिला डाख कच्चा बसला तेव्हा तुमचाच आवाज कानात आला, "हात कशाला हलायलाय? जेवली न्हाईस का?" कच्च्या डाखाला तुम्ही स्क्रूड्रायव्हरची मूठ बोटांवर मारायचात. मी आठ वर्षांची होते, अण्णा. आठ.

ते यंत्र मी बटव्याच्या अस्तरात शिवलं आणि वहिनीला शोधायची रीत शिकवली. रेडिओ छातीशी धरायचा आणि सावकाश गिरकी घ्यायची. आवाज बारीक झाला की मध्ये आपलं अंग आलं, म्हणजे वस्तू आपल्या पाठीमागं. रीत तुमचीच. बाजारभर रेडिओत खरखर यायची, तेव्हा कुणाच्या मोटारीची ठिणगी उडते ते तुम्ही असंच शोधलं होतं आणि लोकांनी तुम्हाला डोक्यावर घेतलं होतं. दुसऱ्यांसाठी तुम्ही लय हुशार.

आठ दिवस बरे गेले. नवव्या दिवशी सकाळी वहिनीचा फोन, रेडिओ कुठंच वाजेना, माय अंगणात ओरडायलीय आणि माहेरी जायला वहिनीची पिशवी भरून झालीय. मिळेल ती एस. टी. धरून सोनपेठला गेले. खोल्या फिरले, गोठा फिरले, माळा पाहिला, नुसती खरखर. मग डोक्यात आलं, लोखंडातून रेडिओची लाट बाहेर पडत नाही; कुठंच आवाज नाही म्हणजे बटवा लोखंडात बंद आहे. ज्वारीच्या पत्र्याच्या कोठीचं झाकण उघडलं आणि रेडिओ टूं टूं करायला लागला. कोपरापर्यंत हात घालून बटवा काढला आणि वहिनीच्या हातात दिला. ती पिशवीतली लुगडी काढून पुन्हा दांडीवर टाकायला लागली.

मी मात्र मायवर तापले. म्हटलं, "कोणापासून लपवतीस गं? घरात परकं हाय कोण?" तिनं दाराकडं बघून घेतलं आणि हळूच म्हणाली, "मालक विकून टाकतेत. माझी बोरमाळ नेली अन् हैदराबादहून दुकानाला मीटर आणलं."

एकोणीस वर्षं, अण्णा! तुम्ही राख होऊन गोदावरीत गेलात आणि ही बाई अजून तुमच्यापासून डोरली लपवतेय. तिच्या माहेरची बोरमाळ तुम्ही न विचारता मोडली. वर तिलाच, वस्तू सांभाळता येत नाही म्हणून, चारचौघांत वेंधळी म्हणालात. तीही गप्प राहिली. चोरी तुमची आणि शिव्या खाते ती परक्याची लेक, जिनं तुम्हाला कधी पाहिलंसुद्धा नाही. तुमचा फोटो भिंतीवरून उतरवून मी ट्रंकेत टाकलाय. भाऊ विचारेल तेव्हा विचारेल.

एवढंच लिहून मोकळी होणार होते. हे पत्र कुठं जाणार नाही, तर उरलेलंही लिहिते. त्या दिवशी निघताना मायनं माझं मनगट धरलं. मला तिनं ओळखलं नव्हतं. म्हणाली, "बाई, तू कोणाची हाईस मला ठावं न्हाई, पण आमच्या पोरीला जागा सांगू नको. लहान हाय. बापानं इचारलं की बोट दाखवती."

म्हणजे बोरमाळीची जागा मी दाखवली हे तिला पहिल्यापासून माहीत होतं, आणि मला ती कधी एका शब्दानं बोलली नाही. मी म्हटलं, न्हाई सांगणार. ती पोरगी मीच, हे तिला सांगायची माझी छाती झाली नाही.