बिअरवाल्यांची सोयरीक

तीर्थरूप आईस नमस्कार,

मी खुशाल आहे. परवा बिअरच्या कारखान्याच्या फाटकावरच दारूबंदीचं भाषण ठोकलं. मालकीणबाईंनी ते शेवटपर्यंत ऐकलं आणि म्हणाल्या, "घसा सुकला असेल. आत या, पाणी देते."

त्यांच्या आजेसासऱ्यांनी एका हंड्यावर धंदा मांडला होता. त्या म्हणाल्या, "बाकीचे कारखानदार आपलाच माल पिऊन बुडाले. आमच्यात कुणी थेंब चाखला नाही, म्हणून त्यांचे कारखानेही आमचे झाले. आता लेकीला न पिणारा नवरा हवाय. अख्ख्या गावात तुम्हीच सापडलात!"

आई, इतकं निर्व्यसनी घराणं आपल्या चळवळीतही नाही. पाणी घेऊन आलेली मुलगी मनात भरली आहे.

बाबांचा गुडघा कसा आहे? भरसभेत मी डगमगत नाही, पण त्यांचा होकार तूच मिळव. व्याही पाण्याच्या धंद्यात आहेत म्हणून सांग. बिअरमध्ये बहुतेक पाणीच असतं.

तुझा अजूनही कोरडा लेक