मधली सीट

सोम., २ फेब्रु.
गुडघा सुजला. लेक, मेधा, डॉक्टरकडे घेऊन गेली. "शेअर रिक्षात मधे कोंबून बसता ना, त्याचं हे," डॉक्टर. मेधाने तिथल्या तिथे माझ्या फोनवर अ‍ॅप टाकलं. उद्यापासून रिक्षा दारात. पाय लांब करून वालीवच्या कारखान्यात.

मधे का बसतो ते दोघांनाही सांगितलं नाही. गोखिवऱ्याला पाळणाघरात कामाला जाणाऱ्या एक बाई रोज आमच्या शेअर रिक्षाच्या लाइनीत असतात. त्या चढल्या की कडेची सीट त्यांना. बाईमाणसाने दोन पुरुषांच्या मधे अंग चोरून का बसावं? सगळेच सरकतात. मी जरा जास्त उत्साहाने सरकतो, एवढंच.

मंगळ., ३
अ‍ॅपवाल्याला बिल्डिंग सापडेना. फोनवर फोन. पण बसल्यावर राजेशाही! भाडं आधीच कळतं, घासाघीस नाही, कोणाची पिशवी मांडीवर नाही. मेधाचं बरोबर आहे, कबूल.

गुरु., ५
ड्रायव्हरचं नाव, गाडीचा नंबर, फोटो, सगळं मोबाइलवर. बाईंचं नाव दोन वर्षांत ठाऊक झालेलं नाही. पाळणाघरातलं कुठलं पोर जेवताना छळतं, त्यांच्या वाडीत यंदा वाल कसा आलाय, ते मात्र सगळं ठाऊक.

बायको, सुधा, गेल्यापासून सकाळी माझ्याशी हसून बोलणारं माणूस म्हणजे त्याच. लिहूनच टाकतो. चुकल्याचुकल्यासारखं होतंय. या वयात!

सोम., ९
स्टेशनच्या स्टँडवरून जाताना बाई लाइनीत दिसल्या. मान वळवून वळवून मागे बघत होत्या. ड्रायव्हरला म्हटलं, थांबव.
"काका, स्टँडसमोर नाय. ते शेअरवाले राडा करतात. पुढे घेतो."
वळणावर उतरलो, लंगडत मागे गेलो, बाईंना बोलावलं. आल्या! लाइन सोडून.

त्या एका कडेला, मी दुसऱ्या. मधल्या सीटवर त्यांचा डबा. एवढे दिवस खांद्याला खांदा लावून बडबडलो आणि आज तोंडातून शब्द फुटेना. त्याही बाहेर बघत बसल्या. एकदा म्हणाल्या, "पाय लई दुखतो का?" मी म्हटलं, नाही. झालं, संपलं.

गोखिवऱ्याला उतरल्या. डबा उचलताना म्हणाल्या, "पाय बरा झाला का लायनीत या. इथं पाव्हन्यासारखं वाटतं. बोलाय होत नाय."
दिवसभर हिशेबात लक्ष लागलं नाही.

मंगळ., १०, सकाळ
सूज आहे तशीच. मेधा ओट्यापाशी. "बाबा, रिक्षा बुक करू?"
नको म्हटलं.
"म्हणजे? चालत जाणार?"
लाइनीत जाणार म्हटलं. गॅस बंद करून इकडेच येतेय आता. काय वाटेल तिला, सुधाची लेक आहे. पण खरं तेच सांगणार.