रेवजीबाबांचा अर्धा फोटो

उमरीपाडा, ता. अक्कलकुवा
२८ नोव्हेंबर २०२३

ती. दिलवरदादास,
शि. सा. न. वि. वि.

दिवाळीत तू दिलेला कॅमेरा धड आहे, पण त्यातले फोटो गेले आणि ते माझ्या हातून गेले. हे आधीच लिहून टाकते, नाहीतर पत्रभर इकडचं तिकडचं सांगत बसेन. टेकडीवर जाऊन फोन करता आला असता. पण तिथे आवाज तुटतो आणि भोवती चार माणसं ऐकत उभी असतात. म्हणून जीपवाल्या हेमराजभाऊंच्या हाती हे पत्र देते आहे.

शाळेशेजारी रेवजीबाबांचं घर आहे. त्यांची नात रविना माझ्याकडे तिसरीत आहे. म्हाताऱ्यांचा फोटो म्हणून जो काही होता तो आधार कार्डावरचा, आणि त्यात नाक कुठे, डोळे कुठे हेही कळत नाही. मीच मागे लागले, तेव्हा फेटा बांधून ओट्यावर येऊन बसले. फोटो सुरेख आला होता, त्यांना दाखवलाही. पुढच्याच आठवड्यात ते वारले. मोठा मुलगा रूपचंद आधीच गुजरातेत ऊसतोडीला गेलेला. त्याला निरोप उशिरा मिळाला, बापाचं तोंड पाहणं झालं नाही. धाकटा भिला, रविनाचा बाप, मला म्हणाला की मॅडम, तो फोटो द्या, मी टोळीबरोबर निघेन तेव्हा भावाला नेऊन दाखवतो.

म्हणून कॅमेरा उघडला. कितीतरी फोटोंवर करडे पट्टे होते. बंद करून पुन्हा चालू केला तर तेही दिसेनात. पडद्यावर आलं की कार्ड वाचता येत नाही, फॉरमॅट करायचं का. मला वाटलं, साफसफाईसारखं काही असेल. मी 'हो' दाबलं. मग कॅमेरा चालतो की नाही ते पाहायला पोरांचे लंगडी खेळतानाचे फोटो काढले. ते सगळे नीट आले. रेवजीबाबा मात्र कुठेच नाहीत.

आईला यातलं काही सांगू नकोस. रागव, पण लवकर उत्तर पाठव.

तुझी माया माझ्यावर होती तशीच राहो,
यामिनी

शहादा
२ डिसेंबर २०२३

चि. यामिनीस,
अनेक उत्तम आशीर्वाद.

पत्र पोचलं. तू शिक्षिका आहेस, तर तुझ्याच भाषेत सांगतो. फॉरमॅट म्हणजे पाटी पुसणं. पुसलेल्या पाटीवरही खडूच्या खुणा राहतात, त्यावरून अक्षर लागतं. पण तू पुसल्यावर वर पुन्हा लिहून ठेवलंस. लंगडीचे फोटो काढायची काय घाई होती? यंत्राने काही विचारलं तर आधी माणसाला विचारावं, एवढं तरी कळायला हवं होतं.

आता त्या कार्डावर एकही फोटो काढू नकोस. कॅमेरा बंद कर, कार्ड काढ, कागदात गुंडाळून डबीत घाल आणि हेमराजच्या हाती पाठव. त्याच्याकडेच मी नवं कार्ड दिलं आहे. ते घालायच्या आधी खाचेत धूळ दिसली तर नुसती फुंकर मार, काही खुपसू नकोस. मग दोन-तीन दिवस झाड, भिंत, शेळी, जे समोर येईल त्याचे फोटो काढ. दर वेळी मोठे करून कडेपर्यंत बघ आणि पट्टे येतात का ते मला कळव. आले तर दोष कॅमेऱ्याचा, नाही आले तर कार्डाचा.

इकडे सर्व ठीक. आई ब्राह्मणपुरीला मावशीकडे जाऊन आली आणि आल्यापासून तुझ्या स्थळांची नावं मोजते आहे. तेवढ्यासाठी तरी डोंगरावरून खाली ये.

लोभ आटू नये,
दिलवरसिंग

उमरीपाडा
७ डिसेंबर २०२३

ती. दादास,
शि. सा. न. वि. वि.

कार्ड या पत्रासोबत देते आहे. तू सांगितलंस तसं सगळं केलं. उन्हात, सावलीत, बॅटरी उतरत आली असताना, सगळीकडे फोटो काढून पाहिले. एकही पट्टा नाही. म्हणजे कॅमेरा चांगला. मग मीच कार्ड बिघडवलं असणार. एकदा दिवा लुकलुकत असताना मी बॅटरीचं झाकण उघडलं होतं, ते राहून राहून आठवतं.

पण दादा, त्याहून वाईट गोष्ट निराळीच आहे. फोटो गेल्यावर भिला पुन्हा विचारायला आला तेव्हा मी त्याला सांगितलं की फोटो शहाद्याला तुझ्या स्टुडिओत धुवायला दिला आहे. तोंडातून निघून गेलं. मग तो रोज शाळा सुटायच्या वेळी यायचा, फाटकाशी उभा राहायचा, आणि मी रोज म्हणायचे की उद्या येईल. परवा मुकादमाची गाडी टोळी घेऊन गेली. भिला गेला नाही. फोटो घेऊनच जातो, भावाला वचन दिलंय, असं तो मुकादमाला म्हणाला. गाडी वळणापलीकडे गेली तरी तो रस्त्यावर उभा होता. त्याची आई धनुबाई ओट्यावरून बघत होती. मी वर्गाचं दार लावून घेतलं.

गाडी निघायच्या आधी जाऊन खरं सांगायला मला कोणी अडवलं नव्हतं.

फोटो सापडला तर बरं. नाही सापडला तरी तसं स्पष्ट लिही. एवढा जीव लाव,
यामिनी

शहादा
१३ डिसेंबर २०२३

चि. यामिनीस,
अनेक उत्तम आशीर्वाद.

फोटो सापडला, पण अर्धा. खुणा शोधणारा एक प्रोग्राम असतो, तो तुझ्या कार्डावर फिरवला. तू कॅमेरा उभा धरला होतास, म्हणून चीर उभी गेली आहे. बाबांचा एक डोळा, कान, अर्धी मिशी, फेट्याची एक बाजू आणि गुडघ्यावरचा हात अगदी स्वच्छ आहे. दुसरी बाजू सपाट करडी. ती जागा लंगडीच्या फोटोंनी घेतली.

आता माझं ऐक. ते कार्ड तू बिघडवलेलं नाहीस. उन्हाळ्यात एका लग्नात त्याने असेच पट्टे दिले होते. नशिबाने त्या दिवशी माझ्याकडे दुसरा कॅमेराही होता, म्हणून निभावलं. तेव्हाच ते कचऱ्यात टाकायला हवं होतं. मी ठेवून दिलं, आणि दिवाळीत तू कॅमेरा मागितलास तेव्हा चांगली कार्डं ऑर्डरींसाठी राखून हे तुझ्या कॅमेऱ्यात घातलं. शाळेतल्या पोरांचे तर फोटो, असा विचार केला. मागच्या पत्रात तुला रागावलो तेव्हाही हे मला ठाऊक होतं. कॅमेरा तपासायला सांगितला तोही जरा आशेने, की दोष कॅमेऱ्याचा निघेल. शेवटी आईला सगळं सांगितलं. तू नको म्हणाली होतीस, पण माझ्याने राहवलं नाही. ती एवढंच म्हणाली, "तू मोठा शे. पहिले तुन्ही चूक सांग." म्हणून लिहिलं.

पाकिटात दोन फोटो आहेत. एक आहे तसा, अर्धा. दुसरा पूर्ण आहे, तो मी कॉम्प्युटरकडून करवून घेतला. हल्ली उरलेला चेहरा तो स्वतः तयार करतो. बघ, जोड कुठे दिसत नाही. रूपचंदला हाच दे. त्याचं समाधान होईल, भिला कामावर जाईल आणि तुलाही काही सांगावं लागणार नाही. शेवटी ठरवणारी तू.

माझ्याविषयी मन कडू करू नकोस,
दिलवरसिंग

उमरीपाडा
२० डिसेंबर २०२३

ती. दादास,
शि. सा. न. वि. वि.

कार्डाचं वाचून आधी राग आला, मग हलकं वाटलं, आणि हलकं वाटल्याची लाज वाटली. तुझ्या कार्डाने फोटो घालवला असेल, पण भिलाला रस्त्यावर उभं केलं ते मी.

दोन्ही फोटो पिशवीत घालून त्यांच्या घरी गेले. खरं सांगते, ओट्यावर बसल्यावर हात दोनदा पूर्ण फोटोकडेच गेला. फारच छान दिसत होता तो, आणि त्यातच काहीतरी खटकत होतं. रेवजीबाबांच्या चेहऱ्याचा उजवा-डावा भाग इतका सारखा नव्हता. मग अर्धाच बाहेर काढला आणि सगळं सांगितलं. फॉरमॅटचं, लंगडीचं, आणि फोटो धुवायला दिलाच नव्हता तेही.

धनुबाईंनी कागद मांडीवर घेतला आणि करड्या भागावरून बोट फिरवून पाहिलं, जणू पुसला तर निघेल. भिला म्हणाला, "मॅडम, त्याच दिवशी सांगायचं होतं. मी गाडीबरोबर गेलो असतो." आवाज चढवला नाही. मी माफी मागितली, त्यावर त्याने आईच्या मांडीवरून फोटो उचलून घेतला. दुसऱ्या दिवशी फोटो प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून सकाळच्या जीपने निघाला. खापर गावी गाडी बदलून बारडोलीकडे टोळी शोधत जाणार होता. टोळीत आता त्याला जागा मिळेल की नाही, देव जाणे.

मला वाटलं, रविना आता शाळेत यायची नाही. ती आली. नेहमीच्या जागी बसली आणि पाढे म्हटले. तिच्याकडे पाहायला मला फार जड गेलं.

दुसरा फोटो मी चुलीत घातला. तू कष्टाने केला होतास, रागावू नकोस. स्थळांची यादी आईला जरा बाजूला ठेवायला सांग.

तुझी धाकटी म्हणून जवळ कर,
यामिनी

शहादा
२२ एप्रिल २०२४

चि. यामिनीस,
अनेक उत्तम आशीर्वाद.

तुझ्या परीक्षा चालू असतील, तरी हे लिहायलाच हवं. काल दुपारी रूपचंद स्टुडिओत आला होता. तोड संपली, पण घरी जायच्या आधी वाट वाकडी करून तो शहाद्याला उतरला. फोटोच्या मागे माझा शिक्का होता ना. भिला त्याच्यासोबतच राहिला, असं त्याने सांगितलं. मुकादमाने आधी घेतलं नाही, मग दुसऱ्या टोळीत जागा मिळाली, तीही उशिरा. ते ऐकताना मला खाली बघावं लागलं.

फोटो घामाने खराब झाला होता. नवा करून हवा होता, जरा मोठा. मी त्याला बसवलं, पाणी दिलं आणि मशीन सुरू करायच्या आधी सांगून टाकलं की खराब कार्ड माझं होतं, मला माहीत होतं, आणि तरी मी दिलं. त्याने विचारलं की ते कार्ड अजून आहे का. मी दाखवलं. त्याने हातात घेऊन उलटसुलट पाहिलं आणि परत दिलं. एवढंच. मी म्हटलं, करडा भाग कापून देतो, बरा दिसेल. तो म्हणाला, कापू नका.

मग मी कॉम्प्युटर उघडला. तो दुसरा फोटो मी अजून पुसला नव्हता. अर्ध्या फोटोच्या शेजारीच होता आणि नेमका तोच आधी पडद्यावर आला, पूर्ण, स्वच्छ, फेट्यासकट. मी घाईघाईने बंद करायला गेलो, पण रूपचंदने पाहिला होता. त्याच्या चेहऱ्यावर काहीच हललं नाही. परक्या माणसाच्या फोटोकडे बघावं तसं त्याने बघितलं आणि अगदी सहज विचारलं, "हा कोण?"

मी म्हटलं, कोणी नाही.

तुझा लोभ मला लागतो, तो असू दे.
दादा